दोह्यातलं ठासणीचं रिव्हॉल्व्हर

दोह्याहून परत येऊन वर्ष झालं, तरी रत्नागिरीत भेटेल तो मला एकच विचारतो, उंच इमारती पाहिल्या का? पाहिल्या, गाडीच्या काचेतून. समुद्राकडे तोंड करून त्या रांगेत उभ्या असतात आणि त्यांच्या पायथ्याशी माणूस कसा तो दिसत नाही. यापेक्षा जास्त मला त्यांच्याबद्दल सांगता येत नाही. मी तिथे नीट पाहिलं ते एक रिव्हॉल्व्हर, तेही ठासणीचं. हे ऐकल्यावर लोक हातातला चहाचा कप खाली ठेवतात आणि माझ्याकडे जरा निरखून बघतात.

ओल्ड एअरपोर्ट

माझी मुलगी केतकी दोह्यात ओल्ड एअरपोर्ट नावाच्या भागात राहत होती. विमानतळ केव्हाच दुसरीकडे गेला, नाव तेवढं मागे राहिलं. सकाळी शाळांच्या बसगाड्या, दुपारी शुकशुकाट, संध्याकाळी गाडी लावायला जागा नाही. खालच्या केरळी दुकानात कढीपत्त्यापासून आमसुलांपर्यंत सगळं मिळतं, त्यामुळे मी रत्नागिरीहून जीव मुठीत धरून नेलेली आमसुलं पाहून केतकी म्हणाली, "आई, ही इथे कोपऱ्यावर मिळतात." पुढचे दोन दिवस माझ्या सामानातली एकेक वस्तू कोपऱ्यावर मिळत असल्याचं कळत गेलं. खोवणी मात्र मिळत नव्हती. ती नेल्याचं समाधान मी पुरवून पुरवून घेतलं.

जावई मंदारराव मूळचे नाशिकचे. तिथे एका गॅस प्रकल्पावर मेकॅनिकल इंजिनिअर होते. ते काम संपलं होतं आणि दिवाळीआधी सगळ्यांनी कायमचं नाशिकला परतायचं ठरलं होतं. मी गेले ती बांधाबांधीला हातभार लावायला. नात इरा मला खोके दाखवून इंग्रजीत काही विचारायची, मी मराठीत उत्तर द्यायचे, आणि आमचं छान चालायचं.

पहिल्याच संध्याकाळी केतकीने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, तू त्याच्याशी बोल."

"कशाबद्दल?"

"त्या रिव्हॉल्व्हरबद्दल. नोकरी संपली त्याचं त्याला काही नाही. पण ते इथे ठेवून जायचं म्हणून आठवडाभर धड जेवत नाहीये. खूळ आहे नुसतं. तू सांगितलंस तर ऐकेल."

जावयाला काही सांगायचं म्हणजे सासूने आधी दहा वेळा विचार करायचा, ही आमच्याकडची रीत. मी म्हटलं, "आधी वस्तू बघते, मग बोलते."

वस्तूची हकिगत अशी. दोह्याच्या उत्तरेला, अल खोरच्या वाटेवर, अबू राशिद नावाच्या एका कतारी गृहस्थांचा मळा आहे. सैन्यातून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या पुढे. जुन्या बंदुकांच्या हुबेहूब नकला जमवण्याचा त्यांना नाद. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत जी रिव्हॉल्व्हरं होती, तशीच्या तशी आजही इटलीत बनतात आणि काळ्या पुडीवर, म्हणजे बंदुकीच्या जुन्या दारूवर, चालतात. काही तर सुट्या, अर्धवट घडवलेल्या भागांच्या रूपात पेटीतून येतात. ज्याला हौस असेल त्याने कानस मारावी, पॉलिश करावं, जोडावं. अशी एक पेटी अबू राशिद यांनी आपल्या परवान्यावर मागवली होती, पण हात थरथरू लागल्यामुळे ती तशीच पडून होती. कुठल्याशा पंपाच्या दुरुस्तीसाठी मंदारराव मळ्यावर गेले, त्यांनी ती पेटी पाहिली, आणि पुढची दोन वर्षं त्यांचे शुक्रवार तिकडेच गेले. नळी त्यांनी घासली, पितळ त्यांनी उजळलं, अक्रोडाच्या ठोकळ्यातून मूठ त्यांनी आपल्या पंजाच्या मापाने कोरली. परवाना अबू राशिद यांचा, कपाट त्यांचं, कुलूप त्यांचं. बाहेरून आलेल्या माणसाला तिथे बंदूक बाळगता येत नाही आणि भारतात नेण्याचा तर विचारच सोडा. तरी घरात मंदारराव 'माझं रिव्हॉल्व्हर' असंच म्हणत.

यात मला काही नवल वाटलं नाही. माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. रानडुकरं आणि वानरं यांच्यापासून शेत राखायला माझ्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे, आणि तेव्हाही वडील 'माझी बंदूक ठाण्यात आहे' असंच सांगत. परगावी नोकरीला असलेल्या मुलाबद्दल सांगावं, तसं.

गुरुवार संध्याकाळ, मळ्यावर

नवरात्रातली नवमी शुक्रवारी होती. मंदाररावांचा मळ्यावरचा तो शेवटचा शुक्रवार. आदल्या संध्याकाळी त्यांना तिथली हत्यारं साफ करून ठेवायची होती, म्हणून मीही बरोबर गेले. केतकीला वाटलं, मी बोलायला चालले आहे. मी तिला तसं वाटू दिलं.

रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना पिवळट सपाटी. डोंगर नाही, वळण नाही. कोकणातल्या माणसाला अशा रस्त्यावर सारखं वाटतं की पुढे काहीतरी येईल, आणि येत काहीच नाही. मग एकदम भिंत आली, फाटक आलं आणि आत खजुरीची झाडं, शेळ्या आणि पाण्याचा वास.

फाटक उघडणारे युनूसभाई मळ्याचं सगळं बघतात. श्रीवर्धनचे. गाडीतून उतरताना मी स्वतःशीच काहीतरी पुटपुटले, ते त्यांनी ऐकलं.

"मावशी, तुमी कोकणातल्या?"

"संगमेश्वर."

"मंग आमच्याच की." त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. "नवरात्र चालू हाय ना तुमचं? उद्या मसूर घालून भात करतो. मटण येगळ्या भांड्यात."

मी न सांगता त्यांनी हे ओळखलं, त्याचं मला फार बरं वाटलं. घरच्या माणसांनाही आठवण करून द्यावी लागते.

अबू राशिद उंच, वाकलेले, पांढऱ्या झग्यातले. त्यांनी छातीवर हात ठेवून मला 'उम्म केतकी' म्हणून बोलावलं. तिथे वयस्क माणसाला अपत्याच्या नावाने ओळखतात, बाप असो की आई. आमच्याकडेही 'बंड्याची आई' असते, पण बंड्याच्या बापाला कोणी 'बंड्याचा बाप' म्हणून मान देत नाही, उलट भांडणातच तसं म्हणतात. त्यांची भाषा म्हणजे अरबीचं पाणी घातलेली हिंदी, माझी म्हणजे कोकणीचं. एकमेकांचं आम्हाला बहुतेक सगळं कळलं. कावा नावाची वेलदोड्याची बिनदुधाची कॉफी आली. पुरे झाल्यावर कप हलवून दाखवायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी नुसतं 'शुक्रन, शुक्रन' म्हणत राहिले आणि कप भरत राहिला. शेवटी मंदाररावांनी माझा हात धरून हलवला.

मग त्यांनी रिव्हॉल्व्हर दाखवलं. मला शस्त्रांचं कौतुक नाही, पण ते देखणं होतं हे खरं. निळसर काळी नळी, पितळी पोट आणि अक्रोडाची मूठ, वापरून वापरून तेलकट झालेली. मी हातात घेतलं तर ती मूठ मला मोठी झाली. ती मंदाररावांच्या पंजाची होती.

"आई, उद्या खंडेनवमी," मंदारराव म्हणाले. त्यांच्या वडिलांचं नाशिकला लेथचं वर्कशॉप होतं, तिथे नवमीला हत्यारांची पूजा थाटात व्हायची. "घरी करूच आपण. पण हत्यारं खरी इथे आहेत."

त्यांनी अबू राशिद यांना पूजेचं विचारलं. विचारताना शाळेत रजा मागणाऱ्या मुलासारखे हात पाठीमागे बांधले होते. म्हातारबुवांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"माझा पहिला ड्रायव्हर तुमच्याकडचा होता," ते म्हणाले. "दर वर्षी गाडीच्या चाकाला लाल लावायचा. तुझ्या कानशीला, स्क्रू-ड्रायव्हरला लाव, मुहंदिस. ती तुझी आहेत. बंदुकीला नको. बंदूक माझ्या नावावर आहे."

मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. मंदाररावांनी मान हलवली. कानशी, पकडी, पाने त्यांनी रॉकेलने धुतले, पुसले, प्रत्येकावर कुंकवाचं बोट टेकलं. मग रिव्हॉल्व्हर घेतलं. कुंकू नाही तर निदान तेल तरी यथास्थित लागावं, असं त्यांच्या मनात आलं असणार. शस्त्राला नवमीला तेल लावायचं असतंच. त्यांनी ते असं लावलं की जणू बाळंतिणीला न्हाऊ घालताहेत. आत, बाहेर, प्रत्येक खणात, प्रत्येक भोकात. मी शेजारी बसून खजूर खात होते. मला काहीतरी खटकलं, पण जावयाच्या भक्तीत सासूने बोलू नये म्हणून गप्प राहिले.

शुक्रवार, नवमी

सकाळी घरी केतकीने पाट मांडला. सुरी, खोवणी, कात्री, गाडीची किल्ली, लॅपटॉप. इराने आपला टॅब आणून ठेवला आणि "धिस टू, आजी," म्हणाली. झेंडूची फुलं केरळी दुकानातली. पूजा झाली, आणि मंदारराव आणि मी उन्हं तापायच्या आत निघालो. दुपारच्या नमाजीला अबू राशिद मशिदीत जाणार, म्हणजे हाताशी वेळ बेताचाच होता.

मळ्याच्या मागच्या बाजूला उंच मातीचा बांध घातलेला आहे, त्याच्यापुढे लाकडी चौकटीत कागद लावतात. आधी अबू राशिद यांनी आपल्या संग्रहातलं दुसरं एक रिव्हॉल्व्हर चालवलं. ठासणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस नसतं. फिरत्या चक्रीच्या एकेका खणात पूड ओतायची, वर शिशाची गोळी ठेवून नळीखालच्या दांड्याने दाबायची, गोळीवर चरबी थापायची, आणि मागच्या बोंडावर केप बसवायची. दिवाळीत पोरं पिस्तुलात घालतात त्या केपांची ही थोरली बहीण. घोडा केपेवर पडतो, ठिणगी आत जाते, पूड पेटते. एवढं भरायला जितका वेळ लागतो, तेवढ्यात आमच्याकडे डुक्कर शेत खाऊन नदीपार होतं. नंतरची सफाई तर विचारू नका, साबण आणि गरम पाणी घेऊन तासभर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण पहिला बार झाला, पांढऱ्या धुराचा लोट उठला, आणि तो गंधकाचा वास आला तेव्हा मी संगमेश्वरात आमच्या मळ्याच्या माचाखाली उभी होते. मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही, पण जवळ येऊन गेलं.

मग मंदाररावांची पाळी. त्यांनी तल्लीन होऊन भरलं. आम्ही सगळे मागे सरलो. त्यांनी हात लांब केला, घोडा ओढला, चाप दाबला.

टक्. केप फुटली. बाकी काही नाही.

"थांब," अबू राशिद म्हणाले. अशा वेळी आग आत रेंगाळलेली असू शकते, म्हणून नळी बांधाकडेच धरून थांबायचं असतं. वडीलही थांबायचे. मंदारराव थांबले. पुन्हा घोडा ओढला. टक्. पुन्हा थांबले. पुन्हा टक्. भरलेले सगळे खण असेच गेले. युनूसभाई कुठेतरी शेळ्यांवर ओरडत होते, तेवढाच आवाज.

अबू राशिद यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. आम्हा दोघांनाही कळलं होतं.

"तेल," मी म्हटलं.

"वाजिद तेल," ते म्हणाले. फार तेल.

पूड तेलात भिजली होती. भरण्याआधी खण कोरडे पुसायचे आणि नुसत्या केपा फोडून बोंडं मोकळी करायची, हे मंदाररावांना काय ठाऊक नव्हतं? दर शुक्रवारी करत होते. पण आज नवमी, उजळलेल्या शस्त्राला भरण्याआधीच काजळी नको, म्हणून तेवढं वगळलं. हे त्यांनी नंतर गाडीत सांगितलं.  तेव्हा त्यांनी चक्री काढून साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवली, आतली पूड निकामी केली, आणि बादलीशेजारी उकिडवे बसून राहिले. ती उकलायची, धुवायची, वाळवायची, पुन्हा भरायची म्हणजे तास-दीड तास. तोवर दुपारची नमाज. नमाजीनंतर अबू राशिद यांच्या लेकी-सुनांचा गोतावळा येणार, मळ्यावर बार होणार नाही. आणि पुढच्या शुक्रवारी विमान.

"खलास," मंदारराव म्हणाले. एवढंच.

बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा माणूस बादलीशेजारी असा बसलेला मला बघवेना. केतकीने ज्याला खूळ म्हटलं होतं ते मला त्या क्षणी खूळ वाटलं नाही. दोन वर्षं जे घडवलं त्याचा निरोपाचा एक बारसुद्धा त्यांना मिळाला नव्हता, आणि तोही स्वतःच्याच भक्तीपायी.

गज

आत बैठकीत आम्ही जमिनीवर बसलो. युनूसभाईंनी मसूरभात आणला, वर तळलेला कांदा, बाजूला दही. मंदाररावांनी भाताला हात लावला नाही. ज्या गोष्टीसाठी केतकीने मला पाठवलं होतं ती बोलायची हीच वेळ होती. पण मी बोलले ते भलतंच, आणि जावयाशी नाही, अबू राशिद यांच्याशी. हिंदी अडेल तिथे युनूसभाईंनी अरबी जोडलं.

मी सांगितलं की माझे वडील थकले तेव्हा परवान्याचं नूतनीकरण करायला तालुक्याला जाणं त्यांना झेपेना. त्यांनी बंदूक ठाण्यात कायमची जमा केली. जमादाराने विचारलं, गज कुठे? म्हणजे ठासायची लोखंडी सळई. वडील म्हणाले, हरवला. वडिलांची वस्तू कधी हरवत नसे. घरी आले आणि त्यांनी तो गज परसात पावट्याच्या वेलाला आधार म्हणून रोवला. रोज संध्याकाळी वेलाला पाणी घालायचे. पावटे संपले, वेल वाळला, तरी पाणी घालत होते. शेवटी आईने विचारलं, "कोणाला पाणी घालताय?" तेव्हा थांबले. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

"आणि बंदूक?" अबू राशिद यांनी विचारलं.

"ठाण्यात. गजाशिवाय."

 ते उठले, आत गेले, आणि चक्री काढलेलं ते रिव्हॉल्व्हर घेऊन आले. मंदाररावांच्या कुंकू लावलेल्या स्क्रू-ड्रायव्हरांतला एक त्यांनी निवडला. मुठीमागची पितळी पट्टी स्क्रूंवर बसलेली असते. त्यांचे हात इतके थरथरत होते की पातं खाचेतून सारखं निसटत होतं. मंदारराव मदतीला पुढे झाले, तर त्यांनी कोपराने त्यांना मागे सारलं. पट्टी सुटली. त्यांनी अक्रोडाची मूठ ओढून काढली, आतला भाग झग्याच्या बाहीने पुसला, आणि मंदाररावांच्या हातात ठेवली.

"हे लाकूड आहे," ते म्हणाले. "लाकडाला परवाना लागत नाही."

 मंदाररावांनी मूठ हातात धरली तेव्हा ती त्यांच्या पंजात चपखल बसली. साहजिकच होतं ते. अबू राशिद यांनी बिनमुठीचं रिव्हॉल्व्हर उचललं, लोखंडी कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि मशिदीत जायला निघाले. फाटकापाशी वळून म्हणाले, "यल्ला, मुहंदिस, भात खा. उम्म केतकी जेवायची थांबली आहे."

मंदारराव जेवले. दोनदा घेतला भात.

परत

घरी केतकीने विचारलं, "बोललीस?"

"बोलले."

तिने नवऱ्याच्या हातातली मूठ पाहिली. मला वाटलं आता काहीतरी ऐकवणार. तिने ती घेतली, उलटसुलट करून बघितली, आपल्या एका जुन्या ओढणीत गुंडाळली आणि स्वतःच्या बॅगेत, साड्यांच्या मधोमध ठेवली. विमानतळावर तपासणाऱ्या माणसाने ती बाहेर काढून विचारलं, हे काय? मंदारराव म्हणाले, "लाकूड." त्याने हुंगली, परत दिली. वासाने त्याला काय कळलं कोण जाणे.

गेल्या महिन्यात खंडेनवमीला मी नाशिकला होते. पाटावर सुरी, खोवणी, लॅपटॉप, किल्ल्या आणि मधोमध मूठ. तिला कुंकू लावायला आता कोणाची आडकाठी नव्हती. मंदाररावांनी बोट टेकलं आणि तेलाची वाटी मात्र दूर सरकवली, तेव्हा केतकीसुद्धा हसली.

दुपारी युनूसभाईंचा फोन आला. सगळ्यांची चौकशी झाली, पावसाची झाली, श्रीवर्धनच्या भावाच्या घराची झाली. मग मंदाररावांनी उगीच विचारल्यासारखं विचारलं, "आणि त्या रिव्हॉल्व्हरला नवी मूठ बसवली का अबू राशिद यांनी? इटलीतून पंधरा दिवसांत येते."

"नाय," युनूसभाई म्हणाले. "मी दोनदा इचारलं, मागवू का म्हनून. म्हनतात, मागवायची कशाला, मूठ हाय की. नाशिकला."